पाणी कोणी ओतलं

३ मार्च, मंगळ. ब्लँचर्डस्टाउन
बसमध्ये परत उत्खननाचा तोच आराखडा. आफ्रिकेचा पूर्व किनारा, सहाएकशे वर्षांपूर्वीचं स्वाहिली गाव, प्रवाळाच्या दगडाचं घर. दाराशीच पाय धुवायची टाकी. तिच्या तळाशी चिनी मातीचा वाडगा पक्का बसवलेला. टाकी उपसली तरी वाडग्यापुरतं पाणी उरतं, त्यात बारके मासे जगतात, ते डासांच्या अळ्या खातात. काय डोकं आहे एकेकाचं. प्रबंधाचं प्र. ३ शुक्रवारी १३ला द्यायचंय. मुद्दा तयार: पाणी म्हणजे पाहुणचार. समुद्रावरून कोणीही येवो, आधी पाय धुवा.

५ मार्च, गुरु.
आईला इथे आयर्लंडला येऊन सहा आठवडे. घरातलं पाणी कुठून येतं ते कळल्याशिवाय तिला चैन नाही. आज घरमालकाला माळ्यावरची टाकी दाखवायला लावली. तो बिचारा ‘ग्रँड, ग्रँड’, म्हणजे बरं, बरं, करत शिडी घेऊन आला. वरच्या मजल्यावरच्या नळाचं पाणी टाकीतलं, ते प्यायचं नाही. स्वयंपाकघरातलं थेट. घरातल्या दोघी आयरिश मुलींनाही तिने हे बजावलं, मराठीत.

८ मार्च, रवि.
आराखड्यात पाय धुवायच्या टाकीमागच्या भिंतीत भोक आहे, बाहेर गल्लीत दगडी पन्हळ. मी लिहिलंय, सांडपाणी बाहेर जायला. आपल्या मोरीला असतं तसं. आई मेथी निवडता निवडता बघत होती. यावरचे आकडे कसले, तिने विचारलं. उंचीचे, म्हटलं.
“मग भाईरचा आकडा मोठा कसा?”
पाहिलं तर खरंच. पाणी चढून बाहेर जाणार होतं का? पाच महिने हा कागद माझ्यासमोर आहे.
“आत येतंय ते. भाईर उभं ऱ्हाऊन वतायचं. वतणारीला घरात घ्याया नको.”
तुला कसं ठाऊक, विचारलं. मेथीच्या काड्या गोळा करून उठून गेली.

९ मार्च, सोम.
आज आपणहून बोलली. आजी, म्हणजे आईची आई, साताऱ्याकडे एका मोठ्या घरी पाणी भरायची. नदीवरून, डोक्यावर हंडा. पाय चिखलाचे, घर खराब होतं म्हणून मागच्या भिंतीला पन्हळ. आत रांजण. तो तिने कधी पाहिला नाही, भरत आला की आवाज बदलायचा, त्यावरून थांबायची.
मला आजपर्यंत एवढंच माहीत होतं, की आजी लवकर गेली.
माझ्या टाकीत पाहुणे पाय धुतात. ती भरणारी कुठे धूत असेल? प्र. ३ मोडलं.

१० मार्च, मंगळ.
माझी गाईड ओर्ला आकडे बघून खूश. पण म्हणाली, उतारावरून पाणी आत येतं एवढंच कळतं, बाई उभी राहिलेली दिसत नाही. आजीची गोष्ट पुरावा म्हणून नाही, तुलना म्हणून घाल. आणि सांगणारीचं नाव, गाव, लेखी संमती हवी.

११ मार्च, बुध.
आई नको म्हणते. बाबांकडच्यांना हे ठाऊक नाही. इथल्या मराठी मंडळातल्या बायका वाचतील. म्हटलं, आई, प्रबंध कोण वाचतंय. हसली नाही.
“मग ल्ह्यायचा कशाला?”
चिडले, मग स्वतःचीच लाज वाटली. मला ती गोष्ट हवी आहे हे खरं. आजीसाठी की मार्कांसाठी, कोणी विचारलं तर…

१२ मार्च, गुरु.
आजीशिवाय नवा मसुदा केला. उंची, उतार, आणि ‘पाणी कोण ओतत असे, ते कळत नाही’. संध्याकाळी आईला मराठीतून वाचून दाखवला. शेवटच्या वाक्याला तिने हात वर केला.
“त्या घरात तिला कुणी नावानं हाक मारली न्हाई. ती आली की आतनं म्हनायचे, पाणी आलं.”
 
मग म्हणाली, “त्या फारमात नाव कुणाचं लिवायचं? माझं का तिचं?”
दोन्हींना जागा आहे, म्हटलं. संमतीचा फॉर्म पुढे ठेवलाय. चष्मा लावून एकेक ओळीवर बोट फिरवत बसली आहे. इंग्रजी येत नाही, तरी. उद्या पाचपर्यंत द्यायचंय. अजून पेन मागितलेलं नाही.