डिझेलला ओढ नसते

प्रिय दादा,

हे पत्र वहिनीने वाचलं तरी हरकत नाही, पण आधी तू वाच, आणि एकट्याने वाच. फोनवर बोलायचं दोनदा ठरवलं होतं. दोन्ही वेळा तू नव्या घराच्या बाल्कनीबद्दल सांगत राहिलास आणि मी ‘हो का, छान’ म्हणत राहिले. लिहिताना निदान मध्ये कुणी बोलत नाही.

मंगळवारी दुकानात एक जण डिझेल फिल्टर मागायला आला. हो, मी अजून त्याच स्पेअर पार्टच्या दुकानात काउंटरला आहे. जुना फिल्टर माझ्यापुढे ठेवून म्हणाला, गाडी एकाची आणि इंजिन दुसऱ्याचं, म्हणून कुठे मिळतच नाहीये. मी काउंटर सोडून बाहेर गेले. डॉक्टरीणबाईंची जीप! रंग बदललाय, टप नवा आहे, पण पुढच्या जाळीमागे रेडिएटरसाठी मी कापलेली पट्टी तशीच आहे, डावीकडे किंचित वाकडी. त्याने चावी फिरवली आणि पहिल्याच झटक्यात इंजिन लागलं. नऊ वर्षांनी. आपण बसवलेलं इंजिन. मला आनंद व्हायला हवा होता. मी नुसतं विचारलं, ब्रेक कसा आहे? तो म्हणाला, लोण्यासारखा, आधीच्या मालकाने पंप बसवून घेतला होता ना.

तुला ते काम किती आठवतं कोण जाणे. जनावरांच्या डॉक्टर म्हणून बाईंना वर डोंगरातल्या वस्त्यांवर जावं लागायचं, आणि ते जुनं पेट्रोलचं इंजिन पेट्रोल पाण्यासारखं पिऊन चढाला धापा टाकायचं. बाबांनी एका उलटलेल्या पिकअपचं डिझेल इंजिन मिळवलं. पंधरा दिवसांचं काम म्हणाले, चाळीस लागले. इंजिनाची तेलाची टाकी पुढच्या आसाला घासत होती. गिअरबॉक्सशी जोडणारी प्लेट तीनदा परत पाठवली, तेव्हा लेथवाले काका वैतागून म्हणाले होते, तुझा बाप इंजिन बसवतोय की जावई शोधतोय? नवं इंजिन जड, म्हणून पुढच्या कमानींत स्प्रिंगचं एकेक पान वाढवलं. ते मी वाढवलं. पाठीवर झोपून, डोळ्यांत गंज घेत. बाबा गिऱ्हाइकांना सांगायचे, हिच्या हातांना कान आहेत. दादा, माझ्याबद्दल त्याहून चांगलं आजवर कुणी बोललेलं नाही.

तुझी परीक्षा झाली होती आणि नोकरीचं पत्र यायचं होतं. इस्त्रीच्या पँटमध्ये तू दाराशी उभा राहून पाने-पकडी पुढे करायचास. मग बाबांच्या डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख आली. त्यांच्याबरोबर राहणार कोण? आई असती तर प्रश्न नव्हता. तू म्हणालास, हॉस्पिटलात मुलगी बरी पडते. माझ्या हातात शेवटचंच काम उरलं होतं, ते टाकून मी डबा आणि चादरी घेऊन निघाले. निघायच्या आदल्या दिवशी बाबांनी आपल्या दोघांना बाकाजवळ उभं करून समजावलं होतं. पेट्रोलचं इंजिन हवा ओढतं आणि त्या ओढीवर ब्रेक हलका करणारा बूस्टर चालतो. डिझेलला ती ओढ नसते. त्याला वेगळा व्हॅक्यूम पंप लावावाच लागतो, नाहीतर पेडल दगड होतं. पंप खोक्यात आहे, पाइप मापाने कापलाय, अर्ध्या दिवसाचं काम आहे. तू म्हणालास, झालं समजा.

पण पंप बसवायला डायनामो सोडवून सरकवावा लागत होता आणि तुझ्या मित्रांची गाडी दाराशी उभी होती. तू जुना पाइप होता तसाच हवेच्या नळीला जोडलास. बघणाऱ्याला वाटावं, सगळं जागच्या जागी आहे. बाईंना चावी दिलीस. त्या म्हणाल्या होत्या, पेडल घट्ट लागतंय. तू सांगितलंस, नवे लाइनर आहेत, चार दिवसांत सैल होईल. तिसऱ्या दिवशी वरून उतरताना त्या दोन्ही पायांनी ब्रेकवर उभ्या राहिल्या तरी गाडी थांबेना. दरीकडे जाण्यापेक्षा बरं म्हणून त्यांनी ती मातीच्या उतारावर घातली. डावा पाय तीन ठिकाणी मोडला. त्या वाचल्या ते त्यांच्या अकलेने, आपल्या कामाने नाही.

तो पंप मला तुझ्या कपाटात सापडला, मुलाखतीच्या बुटांच्या खोक्यामागे. वरचं सील तसंच होतं. मी तो बाबांच्या मांडीवर नेऊन ठेवला. डोळ्यावर हिरवी पट्टी होती, तरी हातात घेताच त्यांनी ओळखला. बराच वेळ चाचपत राहिले. मग म्हणाले, हा बसवायचा मी विसरलो. मी म्हटलं, बाबा, हा दादाच्या कपाटात होता. ते म्हणाले, मी विसरलो, ऐकू आलं का तुला? त्याचं आयुष्य सुरू व्हायचंय, माझं काय, एका डोळ्याचा म्हातारा. चौकीतही त्यांनी हेच सांगितलं. आणि मी पंप त्यांच्या मांडीवर ठेवला तेव्हा तू आतल्या पडद्यामागे होतास, दादा. पडद्याखालून तुझ्या पायांची बोटं दिसत होती. तू बाहेर येशील म्हणून मी त्या बोटांकडे बघत राहिले. आठव्या दिवशी तू नोकरीच्या गावी गेलास.

विसरभोळ्या मिस्त्रीकडे गाडी कोण देणार, आणि त्याच्या पोरीकडे तर कोणीच नाही. महिनाभर आम्ही दोघं रिकाम्या गॅरेजात आरशासारखी हत्यारं पुसत बसलो, मग बाबांनी पाटी उतरवली. मला म्हणाले, तूही आता हे सोड. तुझ्या आयुष्यासाठी माझं आयुष्य द्यायचं का, हे त्यांनी मला विचारलं नाही. विचारलं असतं तर मी कदाचित हो म्हणाले असते, पण विचारायला हवं होतं. माझेही हात स्वच्छ नाहीत. नऊ वर्षं बाई काठी टेकत बाबांना भेटायला येतात, मी त्यांना चहा देते आणि खाली बघते.

परवा तू विचारलंस, बाबा दुपारी रडतात कशाने, आणि मी म्हटलं, वय झालं. ते खोटं होतं. बाबा आता खरोखरच विसरतात. जेवलेलं विसरतात, आई गेली हे विसरतात, पण तेव्हा तुझ्यासाठी बोललेलं खोटं मात्र विसरले नाहीत. ते खोटं होतं, एवढंच विसरले. रोज दुपारी उठून विचारतात, पंप कसा गं राहिला माझ्या हातून? आणि उजव्या हाताने डाव्या हातावर मारत राहतात. मागच्या आठवड्यात त्यांनी बाईंचे पाय धरले. मग मी बाबांना सगळं खरं सांगितलं. शांतपणे ऐकून घेतलं, माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, भावावर असं घालू नये बाळ, त्याने कधी पान्याला हात तरी लावला का? जीप पाहिली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी बाईंनाही सांगितलं. त्या म्हणाल्या, मला सांगून काय, त्यांना पटेल असं कुणीतरी सांगायला हवं. तसा माणूस एकच आहे, तू. माझ्यावर त्यांनी कधी विश्वास ठेवला नाही असं नाही, पण तुझ्यावर जास्त ठेवला. तुला ते अजून ओळखतात, किती दिवस ओळखतील हे डॉक्टरांनाही सांगता येत नाही. मला तुझी माफी नको, गॅरेज नको, काही नको. ये, दुपारी त्यांच्या खाटेवर बस, त्यांचे हात धर आणि सांग, बाबा, पंप मी बसवला नव्हता. ऐकून कदाचित त्या दिवशी ते शांत झोपतील. दुसऱ्या दिवशी विसरतील आणि पुन्हा विचारतील. मग पुन्हा सांग. रजा मोठी काढून ये.

तुझीच, अजून तरी,
धाकटी