टेकडी, चौक आणि आईचा गुरुवार

२ जून

मास्तरमामाने आज पुन्हा टेकडीवरच्या कॉलेजचं पुराण लावलं. शुद्ध हवा, शांतता, सातला फाटक बंद. "अभ्यासाला पोषक वातावरण आहे," म्हणे. नुसती हवाच खायची तर आपलं गाव काय वाईट आहे? इथेही दिवेलागणीनंतर कुत्र्यांशिवाय कोणी रस्त्यावर नसतं.

मला चौकातलं कॉलेज हवंय. खाली बुटांचं दुकान, समोर सिनेमा, पलीकडे नाटकाचं थिएटर, आणि बस उशिरापर्यंत. मामाने विचारलं, विषय कुठला घेणार? म्हटलं, इतिहास. खरा विषय शहर, पण तो त्याला कसा सांगणार?

आई दुकानातले चष्मे घरी आणून पुसत बसली होती. एक शब्द बोलली नाही. ती गप्प बसली की समजायचं, काहीतरी शिजतंय.

३ जून

शिजलं ते कळलं. "दोन्ही कॉलेजं मी स्वतः बघणार. मग ठरवू." गुरुवारी चष्म्याचं दुकान बंद असतं, म्हणून गुरुवारी जायचं.

झालं कल्याण. आई गर्दीत पर्स अशी पोटाशी धरून चालते की आत तान्हं बाळ असावं. तिला शहर आवडणं शक्य नाही. माझी टेकडी पक्की.

५ जून, गुरुवार

सकाळी टेकडी. प्राचार्यबाईंनी बाग दाखवली. मग मागची बाग दाखवली. मुलं कोणी गेल्यासारखी दबक्या आवाजात बोलत होती. एकीला विचारलं, संध्याकाळी काय करता? "फिरतो." कुठे? "बागेत."

आई खूश. "किती प्रसन्न वाटतंय गं." मी मनातल्या मनात बोंब ठोकली.

दुपारी चौक. जिन्यात नव्या बुटांचा वास, वर्गात हॉर्न, आणि ऑफिसातला कारकून आपलाच आवाज ऐकू यावा म्हणून ओरडतो. स्वर्ग! आईला बाकावर बसवून मी चौकशीच्या रांगेत उभी राहिले. परत येते तर बाक रिकामा.

जिना पाहिला, बुटांचं दुकान पाहिलं, फोन लावला — उचलत नाही. पोलिसाला विचारायला निघाले होते, तेवढ्यात समोरचा खेळ सुटला आणि गर्दीतून आई बाहेर आली. डोळे लाल. पर्स खांद्यावर लोंबतेय, तीही उघडी.

"उकडत होतं म्हणून जरा सावलीला गेले," म्हणाली.

सावलीला. तिकीट काढून!

६ जून

आई सिनेमात शिरली तेव्हा तो अर्धा झाला होता. आता तिला सुरुवात हवीय. चहा गाळताना विचारते, "ती बाई घर सोडून का निघाली असेल गं?" दुपारी दुकानात एका गिऱ्हाइकाला अक्षरं वाचायला लावली आणि मध्येच त्यालाही विचारलं. तो बिचारा एका डोळ्यावर हात ठेवून म्हणाला, मी नाही पाहिला.

मी लगेच खुंटा हलवून बळकट केला. म्हटलं, चौकातल्या कॉलेजात गेले की बघून सांगेन.

९ जून

आई म्हणाली, "चौकात जा."

मामा म्हणाला, "पोरगी हातची जाईल."

आई म्हणाली, "हातात ठेवून तरी काय करायचंय?"

उडी मारायची होती, ती बाथरूममध्ये जाऊन मारली.

१० जुलै, गुरुवार

शहरात येऊन आठवडाही झाला नाही. खोलीत सोबतीला जिराफ आहे — मुलगी इतकी उंच की पंखा लावताना मला धाकधूक होते. आणि आज दारात कोण? आई. "तुला बघायला आले." मला चहा होईपर्यंत बघितलं, मग सिनेमाला घेऊन गेली. तिचा तो अर्धा सिनेमा कधीच उतरलाय, म्हणून दुसरा.

१७ जुलै

गुरुवार. आई.

७ ऑगस्ट

आज नाटक. "हा खोटं बोलतोय हं," असं आई इतक्या मोठ्याने म्हणाली की नट दचकला. जिराफला आई फार आवडते. दोघी टाळ्या देतात. मी आईपासून लांब राहायला शहरात आले, आणि शहर बघतेय ते आईच्या कडेवर बसून.

२० ऑगस्ट

आईला फोन केला. उद्या येऊ नकोस, चाचणी परीक्षा आहे. साफ थाप. वर्गातली सगळी सिनेमाला चाललीत, जिराफही.

"बरं," म्हणाली. इतक्या सहज?

२१ ऑगस्ट, गुरुवार

अंधारात पुढून कोणीतरी हसलं. ते हसू मी जन्मल्यापासून ऐकतेय. मध्यंतरात समोरासमोर आलो. आईच्या हातात शेंगदाण्यांची पुडी.

"पेपर कसा गेला?"

"बरा गेला."

"दमली असशील. घे, खा."

बस. एवढंच. रागावली नाही, टोमणा नाही. जिराफने हसू लपवायला रुमालात तोंड घातलं.

म्हणजे ती मला बघायला येतच नव्हती. मी नुसतं निमित्त होते. सुटले म्हणून मला हायसं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. राग आला, आणि नंतर रडूही आलं. कशाचं ते माझं मलाच कळेना.

३ सप्टेंबर

आईचा तो अर्धा सिनेमा उद्या पुन्हा लागतोय, एकच खेळ. पळत जाऊन दोन तिकिटं काढली. तिला सांगितलेलं नाही. जिन्यातच हातावर ठेवणार. तोंड बघण्यासारखं होईल तिचं!

४ सप्टेंबर, गुरुवार

आईचा फोन. "आज तुझ्याकडे येत नाही गं. तो सिनेमा लागलाय. सुरुवात मला एकटीने बघायचीय. रागावू नकोस."

म्हटलं, छे, रागवायचं काय, माझी परीक्षाच आहे.

आता खेळ सुटेपर्यंत बुटांच्या दुकानाच्या पायरीवर बसलेय. ती जेवली नसणार.