पट्टा कुणाच्या गळ्यात

आबा,

तुमच्या कुत्र्याच्या गळ्यात असायचा तसला काट्यांचा पट्टा आज माझ्या गळ्यात आहे. हसू नका. हसलात तरी मला ऐकू येणार नाही, पण सवयीनं सांगते. तुम्हाला वाचता येत नव्हतं आणि मला लिहिता येत नाही, तेव्हा हे पत्र आपल्या दोघांच्याही कामाचं नाही. मी बोलते आणि सूनबाई लिहून घेते. माझं बोलणं ती जरा धुऊन, इस्त्री करून कागदावर घालते, ते मला कळतं. मधेच थांबून ओठ हलवायला लागली की समजावं, बाईनं माझा एखादा शब्द बदलला. बदलू दे. दुपारची वेळ आहे, गोठ्यातलं उरकलंय, आणि आमच्या वस्तीवर अलीकडं दुपार हीच काय ती निवांत वेळ राहिली आहे. ऊन कलायला लागलं की सगळ्यांच्या माना उसाकडं वळतात.

कासुर्डीच्या मागचा तो माळ मला अजून दिसतो. गवत गुडघ्याएवढं, पिवळं. लांडगा आला तर लांबून दिसायचा, एवढं तरी सुख होतं. तुम्ही दगडावर बसलाय, मांडीवर पट्टा घेऊन. जाड चामडं, तेल पाजून काळं पडलेलं, आणि बाहेरच्या अंगाला खिळे. वाकलेला खिळा तुम्ही गोट्यानं हळूहळू ठोकून सरळ करताय. आपली कुत्री दोन. थोरल्याच्या तोंडावर जुन्या चाव्याचा वण, त्या जागी परत केस उगवलेच नाहीत. धाकटं माझं लाडकं, सारखं कोकरांपाशी पडून राहणारं. पट्टा मात्र एकच. मी परकराच्या ओच्यात बोरं घेऊन उभी आहे आणि म्हणते, "आबा, धाकट्याला घाला की पट्टा. त्यो बारीक हाय, त्याला धरील लांडगा." तुम्ही वर बघतसुद्धा नाही. "पट्टा लाडाचा नसतो गं येडे. जो लांडग्याच्या अंगावर जाणार, त्याच्या गळ्यात पट्टा. बारक्यानं मधी बसायचं." मी तोंड फुगवते. मग विचारते, "आन् मेंढरं काय करत्यात?" तुम्ही म्हणता, "मेंढरू काय करतंय? आत घुसतंय. समदीच आत घुसत्यात. जे कडंला राहतं, ते जातं." एवढं बोलून तुम्ही परत खिळा ठोकायला लागता. माणसांशी तुम्ही तसंही तोलूनमापूनच बोलायचात, बाकीचं सगळं मेंढरांसाठी राखून ठेवलेलं.

मला तुम्ही नदीच्या या अंगाला दिलंत, वडगाव रासाईच्या शिवारात. तेव्हा इथंही ज्वारीच होती, नजर पोचेल तिथवर मोकळं रान. मग भीमेवरनं पाइपलाइनी आल्या, पाण्यामागनं ऊस आला आणि उसामागनं बिबट्या. आम्ही त्याला वाघच म्हणतो. नात रागावते, "आजी, वाघ नाही, बिबट्या." म्हटलं, त्यालाच विचार कोणतं नाव आवडतंय ते. त्याचा जन्मच उसातला, आबा. जंगल त्याच्या आईनंही बघितलेलं नसेल. आमच्या घराच्या तिन्ही बाजूंना ऊस, चौथ्या बाजूनं रस्त्याला जाणारी वाट, आणि त्या वाटेच्याही एका अंगाला ऊसच. माणसाच्या दुप्पट उंच. आत हात घातला तर आपलाच हात आपल्याला दिसत नाही. लांडगा लांबून यायचा. हा आलेलाच असतो.

आमचा कुत्रा दिवाळीच्या आधी गेला. भुंकला नाही, केकाटला नाही. सकाळी नुसती साखळी पडलेली, आणि उसाच्या दोन सऱ्यांमधलं वाळकं पाचट एका बाजूला सरकलेलं. वनखात्याची माणसं येऊन पिंजरा लावून गेली, आत शेळी. शेळी रात्रभर ओरडते, सकाळी तिला बाहेर काढून पाला घालतात. शेळीला आता पिंजऱ्याची सवय झाली आहे, ज्याच्यासाठी लावला त्याला काही होत नाही. पलीकडच्या वस्तीवरची एक बाई कांद्यात खुरपायला बसली होती, ती बसल्या जागेवरनं गेली. त्यानंतर बायांनी गळ्यात पट्टे घालायला सुरुवात केली. गळाच धरतो ना तो. न्हावऱ्याचा वेल्डिंगवाला गेट आणि ग्रील बाजूला ठेवून पट्टे करत बसला, तरी गर्दी संपेना, आणि आमच्या लेकाच्या हाताला एकच लागला. तो त्यानं मला आणून दिला. लेक कंपनीत पाळीवर जातो, सूनबाई संध्याकाळच्या धारांत गुंतलेली, म्हणून नातीला रस्त्यावरनं घेऊन यायचं काम माझ्याकडं. पट्टा घातला तेव्हा मी त्याला म्हटलं, "तुझ्या बापानं लगीन करून गळ्यात घातलं, त्याच्यापरीस ह्ये जड हाय रे." आता मंगळसूत्र आत आणि खिळे बाहेर. पदर अडकतो. शेजारीण भेटली की आम्ही दोघी चार हातांवर थांबून बोलतो, मिठी मारायची सोय राहिली नाही.

देवळापुढं सभा झाली, तिथं वनखात्याच्या माणसानं सांगितलं की हा उभ्या माणसावर सहसा येत नाही. बसलेल्यावर येतो, वाकलेल्यावर येतो, त्याला ते जनावर वाटतं. सगळ्यांनी माना हलवल्या आणि मग एकेक करून माझ्याकडं बघितलं. माझी कंबर तुम्ही पाहिली नाहीत, आबा. बरीच वर्षं झाली, मी जमिनीशी बोलतच चालते. मी म्हटलं, "बघताय काय? मी काय आज वाकली व्हय?" हसले सगळे. हसून झाल्यावर जो तो आपली चप्पल शोधायला लागला.

दिवस कलला की दाराला कडी. मग काय करायचं? नात सातवीत आहे, ती शाळेतनं आणलेलं पुस्तक मांडीवर घेऊन बसते. त्यात डायनोसोर. चित्रं दाखवते मला, अक्षरांपासनं आपली सुटका. म्हणाली, "आजी, हा बघ. आपल्या घरापेक्षा मोठा आणि नुसता पाला खायचा." मी म्हटलं, "मग ह्याला खाणारं बी आसंल की कोणतरी." म्हणाली, "होतं ना. केळ्याएवढे दात होते त्याला." मेंढपाळाची पोर मी, मला पुढचाच प्रश्न पडला. "मग ह्या पालेखाऊंनी काय करायचं?" तेव्हापासून रोज तेच चाललंय. एकाच्या पाठीवर घराच्या कौलांसारखी हाडं रचलेली, पापणीवरसुद्धा हाड, आणि शेपटीच्या टोकाला मोगरीसारखा गड्डा. फिरवला की खाणाऱ्याची तंगडी मोडली. दुसऱ्याच्या शेपटीला सुळे. तिसऱ्याला तीन शिंगं आणि मानेमागं सुपासारखं पसरलेलं हाड. समोरनं बघावं तर तोंडच सगळं. लांब मानेवाल्यांनी काही केलं नाही, नुसते वाढले. एवढे वाढले की कुणाची जवळ यायची छाती होईना. मी विचारलं, "आन् वाढंस्तवर?" नात म्हणाली, "तोवर कुणीपण उचलायचं त्यांना." ज्यांना शिंग नाही, कौलं नाहीत, ते कळपात राहायचे आणि पळायचे. एका शिंगवाल्याचं शिंग सापडलं म्हणे, त्यावर दातांच्या खुणा आणि खुणा भरून आलेल्या. म्हणजे वाचला तो. मला आपला थोरला आठवला, तोंडावरच्या त्या वणासकट.

मी विचारलं, "पिल्लांना मधी घेऊन गोल करून उभी ऱ्हात असतील न्हाई?" ती म्हणाली, "काही जण म्हणतात तसं, पण खात्री नाही. हाडांवरून कळत नाही ते." बरोबरच आहे, आबा. मधे कोण होतं आणि कडेला कोण, ते हाडं काय सांगणार. मग मी विचारलं, एवढी हत्यारं असून मेले कसे? तर म्हणे आकाशातनं दगड पडला. "मग वाघानं तर न्हाई ना मारलं? झालं तर," मी म्हटलं. नात हसत हसत लवंडली. मला म्हणाली, "आजी, तू चिलखतवाली. फक्त शेपटीचा गड्डा राहिलाय." म्हटलं, सांगते वेल्डिंगवाल्याला.

परवाची गोष्ट. शाळेची व्हॅन उशिरा आली. थंडीत दिवस लवकर बुडतो, रस्त्यावर अजून उजेड होता पण उसाच्या कडेला नव्हता. मी उसाच्या बाजूनं, नात कांद्याच्या बाजूनं, असंच चालतो आम्ही. ते मी तिला कधी सांगितलं नाही, हात धरतानाच तिला त्या बाजूला घेते. वळणाच्या पुढं बांधावर तो बसला होता. कुत्रं बसावं तसा, पुढचे पाय जुळवून. घाई कसलीच नव्हती त्याला. मी खाली बघत चाललेली, मला तो दिसलाच नव्हता. नातीचा हात घट्ट झाला तेव्हा मी थांबले. ती अगदी हळू म्हणाली, "आजी, वाकू नको."

आबा, मी काठी दोन्ही हातांनी धरली आणि उभी राहिले. कंबरेत काहीतरी कडकन वाजलं, डोळ्यांपुढं काजवे आले, पण उभी राहिले. कित्येक वर्षांनी मला उसाचे तुरे दिसले. नातीनं दप्तर डोक्यावर घेऊन दोन्ही हातांनी वर धरलं, तिच्या त्या सुपाच्या मानेवाल्यासारखं. मी पदर काठीवर घालून वर केला आणि ओरडले. काय ओरडले असेन? तुमची हाळी. मेंढरं वळवायची. इतकी वर्षं ती माझ्या घशात कुठं बसली होती कोण जाणे. तो बघत राहिला. माझ्याकडं नाही, नातीकडंही नाही. आमच्या दोघींच्या मधे जी जागा होती, तिच्याकडं. मग उठला, अंग ताणलं आणि उसात शिरला. पळाला नाही. आत गेला. यातला फरक तुम्हाला सांगायला नको. आणि आम्हाला त्याच उसाच्या कडेनं घरी जायचं होतं. गेलो. आत पाचट वाजत होतं. आम्ही थांबलो की थांबायचं, चाललो की वाजायचं. नात म्हणाली, "वारा असेल." कांद्याची पात जराही हलत नव्हती.

अंगणात आल्यावर ती म्हणाली, "आजी, मम्मीला सांगू नको. ती मला मामाकडं दौंडला ठेवंल." मी म्हटलं, न्हाई सांगत. या घरात माझ्याशी मांडीला मांडी लावून बसणारी तेवढी एकच आहे. ती गेली तर मी कुणाला छळू?

इथं पेन थांबला, आबा. मी म्हटलं, लिही की. सूनबाई कागदाकडं बघत राहिली.

"आत्या, ही खरंच परवाची गोष्ट?"

"व्हय, परवाची."

"आन् मला आज सांगताय?"

"तुला कुठं सांगतीया? आबाला सांगतीया. तू लिही."

एरवी हसली असती. उठली, दारात जाऊन उभी राहिली, उसाकडं बघत. तिच्या पाठीकडं बघून मला कळेना की ही रडतेय की मोजमाप घेतेय. मग आत येऊन बसली, पेन उचलला, आणि जे बोलणं झालं ते तिनंच शांतपणे वर लिहिलं. लिहून झाल्यावर म्हणाली, "आजपास्नं पोरीला आणाय मी जाती. तुम्ही धारा बघा, त्या बसून व्हत्यात."

मी म्हटलं, "पोरीला दौंडला धाडणार का?"

"ऊस तुटंस्तवर बघू. तोडणीची टोळी येईल आता. तवर मी हाय."

"अगं पर मी असताना? म्हातारीचं काय न्यायचंय त्यानं? हाडं चघळत बसंल."

"आत्या, तुम्ही वाकल्यावर शेळीएवढ्या दिसता."

बघा, आबा, कसली सून मिळाली मला. माझ्याच तालमीत तयार झालेली. तिनं हात पुढं केला, पट्ट्यासाठी. मी नको म्हणाले. ती थांबली. मी परत म्हणाले, नको गं, राहू दे माझ्या गळ्यात, तुझी पोर लहान आहे. पट्ट्याची कडी मागं मानेवर आहे, माझ्या बोटांनी ती निघत नाही, रोज कुणीतरी काढून द्यावी लागते. ती माझ्या मागं आली.

आता पट्टा तिच्या गळ्यात आहे आणि ती हे लिहितेय. तिला तो नेमका बसला. ताठ मान आहे तिची, खिळे चारी बाजूंना नीट उभे राहिलेत. व्हॅनची वेळ होत आली, बाहेर उसाची सावली वाटेवर यायला लागली आहे. कागद मी पिठाच्या डब्याखाली सारून ठेवणार आहे. तुमचा पत्ता मला ठाऊक नाही, आणि त्या माळावर आता प्लॉट पडलेत. शेवटचं एक राहिलं. ती विचारतेय, हेपण लिहू का. लिही म्हटलं.

मी तोंडानं नको नको म्हणत होते, आबा, आणि कडी काढायला मान मीच पुढं केली. मेंढरू काय करतं ते तुम्ही सांगितलं होतंत. मी आत सरकले, आणि मला बरं वाटलं.