जास्तीची वायर

ता. ३, सोमवार
आज लेकीकडे कायमचा राहायला आलो. जावयाने स्वतः बॅगा उचलून वर आणल्या. घर भाड्याचं, पण हवेशीर. पाच वर्षांच्या नातीने तिच्याच खोलीत माझी कॉट लावून घेतली आणि घोरायचं नाही अशी ताकीद दिली. टीव्हीखाली मात्र वायरींचा नुसता गुंता. लेक म्हणाली, कोणी आलं की लाज वाटते. मी म्हटलं, चाळीस वर्षं पॅकिंग खात्यात काढली, बांधाबांध माझ्यावर सोड. बसून खाणारा म्हातारा व्हायला नको, एवढीच धाकधूक.

ता. ४, मंगळवार
दोघं ऑफिसला गेल्यावर भिंतीवरची वायरी झाकणारी प्लॅस्टिकची पट्टी उघडली. आत केसांचे पुंजके, झुरळांचे पंख, चिकट धूळ. सगळं पुसलं. मग एकेक वायर या टोकाला हलकेच ओढायची, तिकडे कुठली हलते ते बघायचं आणि चिठ्ठी चिकटवायची. वस्तू अकरा, वायरी मात्र बारा. जास्तीची वायर भिंतीतल्या भोकातून आमच्या खोलीकडे जाते. करडी, बोटाएवढी जाड. हाताला मऊ आणि दमट लागली, पिसं काढलेल्या कोंबडीच्या मानेसारखी. तीनदा हात धुतला. वास जात नाही.

ता. ५, बुधवार
ती वायर ओढली, तर पलीकडून कुणीतरी ती उलट ओढली. खोलीत जाऊन पाहिलं, कोणी नव्हतं. संध्याकाळी जावयाला सांगितलं. तो हसला. म्हणाला, आधीच्या भाडेकरूंची असेल बाबा, सगळ्यांबरोबर बांधून टाका. लेकीने बीपीची गोळी घेतली का म्हणून विचारलं.

ता. ६, गुरुवार
बांधली. पॅकिंगवाल्याला ढिलं काही सोडवत नाही. प्लॅस्टिकचे टाय कचकचून आवळले आणि जुडगा झाकणाच्या डब्यात कोंबला. भिंत कोरी दिसते म्हणून लेक खूश. पण आवळताना ती वायर श्वास कोंडल्यासारखी फुगली होती.

ता. ७, शुक्रवार
सकाळी डबा कोमट लागला म्हणून उघडला. टाय त्या करड्या वायरीत रुतलेत, मधला भाग सुजून जांभळा झालाय. खाचांतून पिवळं पाणी गळतंय. वर बारीक पांढरी लव. बेसिनपर्यंत पोचलो नाही, हॉलमध्येच ओकलो. संध्याकाळी लेकीला दाखवायला गेलो तर टाय कापलेले आणि वायरी अकराच. नंतर दोघांचं बोलणं कानावर आलं. पोरीला पाळणाघरात घालू, बाबांची दुसरीकडे सोय बघू. मग पोरीजवळ त्या खोलीत कोण?

ता. ८, शनिवार
नातीनेच सांगितलं, अगदी सहज. "आजोबा, तुम्ही तिला किती घट्ट बांधलंत. तिला दुखत होतं. मी कात्रीने सोडवलं. आता ती माझ्याजवळच झोपते." तिचा तळवा धरला. माझी बोटं चिकटली.

ता. ९, रविवार
पोरीच्या कानामागे लाल गांधी उठलीय. दोन भोकं. उशी पिवळी, ओली, तोच वास. लेक म्हणे डास असेल. पोरीला तुमच्या खोलीत न्या म्हटलं तर म्हणाली, "बाबा, उगाच तिला घाबरवू नका." भिंतीतल्या भोकात कापडाचा बोळा कोंबला. तासाभरात बाहेर पडलेला, चोखून काढल्यासारखा —

ता. १०, सोमवार
दोघं ऑफिसला. पोर अजून उठत नाही. चादर सारली — वायर कानामागे. प्लग नाही, जोड नाही, कातडीत कातडी. आतून गोळे सरकतायत, पोरीकडून भिंतीकडे. ओठ पांढरे.

कात्री लावली. रक्त पोरीचंच आलं. थांबलो.

जावयाला फोन केला. म्हणाला, कात्री खाली ठेवा, मी निघालो. अर्धा तास. तेवढा वेळ पोर —

माझं मनगट जवळ नेलं की वायरीचं टोक ढिलं पडतं. पुन्हा नेलं. पुन्हा. म्हाताऱ्याचंही चालतं हिला.

डावा हात दिला. उजव्याने लिहितोय. पोर सुटली. रडतेय, रडू दे, ओठांवर रंग येतोय. बाहेर जा म्हटलं, गेली.

गिळगिळीत. कोमट. कोपरापर्यंत आत — शी — जिभेवर तोच वास —

लेकी, या घरात राहू नका. ही एकटी नाही. भिंतीत आत जुडगेच्या जुडगे आहेत, मला कळतंय आता, सगळ्या भुकेल्या, आणि त्यांना पोरीचा वास