सोवळ्या हाताची माती

मी, नरसिंहराव कृष्णराव, वय सदुसष्ट, भूशास्त्राचा निवृत्त प्रोफेसर, राहणार मेलकावेरी, कुंभकोणम्, हे मृत्युपत्र कुणाच्या दडपणाखाली लिहीत नाही, लाजेपोटी लिहितो. माझे डोके ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टर वैद्यनाथांनी दिला आहे. मनाचे त्यांनी विचारले नाही.

१. राहते घर, परसातली सहा नारळाची झाडे आणि बँकेत असेल नसेल ते सर्व माझी एकुलती मुलगी अलमेलु हिचे. तिच्या आईने वाढवलेली झाडे तिने तोडू नयेत, एवढेच.

२. खडक फोडायचा माझा हातोडा कॉलेजाला जावा. धाकटा भाऊ मुकुंदराव याला तो मुळीच देऊ नये. तो नारळ फोडायला नेतो आणि धार बोथट करून आणतो. वर हातोड्यालाच नावे ठेवतो.

३. मागच्या पडवीतल्या चौदा काचपट्ट्या आणि १९८३ सालची वहीदेखील कॉलेजाला द्यावी, आणि हे कलम जसेच्या तसे छापायला पाठवावे.

अरियलूरच्या बाजूच्या, एकमेकींपासून तीस मैलांवरच्या दोन विहिरींतून मी खडकाचे नमुने आणले होते. ज्वालामुखीची राख एकाच वेळी दूरदूर पडते आणि काळाच्या ओघात तिची पाणी पिऊन फुगणारी चिकणमाती होते. तशी माती दोन ठिकाणच्या थरांत सापडली की ते थर एकाच काळातले धरता येतात. मला ती दोन्हीकडे सापडली. लोक त्या थराला माझे नाव देऊ लागले, आणि मी कुणाला नको म्हटले नाही.

कृती अशी. खडक कुटून पाण्यात ढवळायचा, आठ तासांनी वरचे गढूळ पाणी काढून काचेवर बोटाने पसरायचे, वाळले की त्रिचीच्या क्ष-किरण यंत्रावर पाठवायचे. फुगणारी माती असली, की यंत्राच्या आलेखावर ठरावीक जागी तिची खूण उमटते. आठ तास पहाटे भरत, म्हणून बरण्या घरीच ठेवीत असे. स्नान करायचे, डाव्या तळहातावर गोपीचंदन उगाळून अंगावर बारा ठिकाणी लावायचे, संध्या उरकायची आणि त्याच बोटाने काचपट्टी करायची. सोवळ्यातला हात शुद्ध. तो धुवावा लागतो, हे आमच्या घराण्यात कुणाच्या स्वप्नातही आले नसते. गोपीचंदन ही मातीच आहे, हे मातीच्या प्रोफेसराला सुचले नाही.

आमच्या विभागातली डेमॉन्स्ट्रेटर विजयलक्ष्मी, पट्टीश्वरम्ची, आमच्यातलीच, म्हणजे तंजावरकडची मराठी. तिने त्याच खडकाच्या पट्ट्या कॉलेजात पुन्हा केल्या. एकीतही फुगणारी माती निघाली नाही. तिने मला एकट्याला गाठून सांगितले, की एकदा हात धुऊन करून पाहावे. बाईमाणसाने सोवळ्यातल्या माणसाला हात धुवायला सांगावे, या विचाराने माझ्या अंगाचा तिळपापड झाला. प्रकरण कॉलेजाच्या कमिटीपुढे गेले तेव्हा मी म्हणालो, रोज पहाटे दारात तांदळाच्या पिठीची रांगोळी, कोलम, घालून येणाऱ्या हातांनी पट्ट्या केल्या, की त्या पिठीत मातीची खूण बुजणारच. सगळे हसले. हसण्यानंतर तिचे कोण ऐकणार? तिची नोकरी कायम झाली नाही. ती घरच्या ओट्यावर मुलांना गणित शिकवू लागली.

निवृत्त झाल्यावर, १९९१ साली, माझ्या डबीतले गोपीचंदन त्याच यंत्रावर तपासून घेतले. खूण नेमकी त्याच जागी आली. तेव्हा मला माझी चूक कळली.

४. मला शेवटचे स्नान घालाल तेव्हा गोपीचंदन लावू नये. कपाळ कोरे ठेवावे.

५. विजयलक्ष्मीला मी काहीही ठेवीत नाही. ज्याला काही मिळायचे त्याने साक्ष करू नये, असे वकील चंद्रमौली म्हणाले. आणि मला तिचीच साक्ष हवी आहे. तिला देण्याजोगे जे होते ते मी अकरा वर्षांपूर्वीच काढून घेतले.

पुरवणी. विजयलक्ष्मी आज सकाळी आली. अलमेलुने दिलेली कॉफी तिने बाजूला ठेवली आणि कागद दोनदा वाचला. मी खाली मान घालून बसलो होतो. मला तिच्याकडे बघवत नव्हते. तिने आधी कलम ४ वर बोट ठेवले.

"हें खोडा, अण्णा. मातीनं काय करलं?"

मी खोडले. वाटले, आता सही करील. तिने पान मागे उलटले.

"'चूक' म्हणून लिहिलांत. हात धुऊन तीन पट्ट्या करलांत, त्या त्रिचीला मीच नेलें. तुम्हांस तेव्हांच कळलं होतं. खोटं म्हणून लिहा, मग सही घालतें."

इतकी वर्षे तिला हे ठाऊक होते. मी मात्र मरणाच्या कागदावरही लबाडी केली, याची मला या वयात सर्वांत जास्त लाज वाटते.

म्हणून कलम ३ मधले शेवटचे वाक्य मी रद्द करतो. त्याजागी असे वाचावे: मी खोटे बोललो. विजयलक्ष्मीने सांगितल्यावर तिसऱ्या दिवशी मी साबणाने हात धुऊन तीन पट्ट्या केल्या. एकीतही ती खूण आली नाही. कमिटी त्यानंतर पंधरा दिवसांनी बसली.

वरील सर्व, खाडाखोडीसह, मला मान्य आहे.

(सही) नरसिंहराव कृष्णराव

आमच्यासमक्ष सही झाली:
१. चंद्रमौली, वकील, कुंभकोणम्
२. विजयलक्ष्मी, माजी डेमॉन्स्ट्रेटर, पट्टीश्वरम्

मेलकावेरी, कुंभकोणम्
१४ सप्टेंबर १९९४