वजनमाप निरीक्षकाचं लिव्हर

३ जून, सोमवार
धाकट्या बहिणीला नवीन लिव्हर लागणार. नात्यातल्या कुणीतरी आपल्या लिव्हरचा तुकडा द्यायचा, उरलेलं म्हणे पुन्हा वाढतं. मी लगेच तयार झालो. वय ५१, रक्तगट जुळतो, दारूचा थेंब नाही. वजनमाप खात्यात अठ्ठावीस वर्षं निरीक्षक, पण एकाही दुकानदाराचा चहा घेतलेला नाही. (कोल्ड्रिंक वेगळं.) धाकटी रडली. सौ. तिचे रिपोर्ट वाचत बसली. नोंद घेतली.
तसा धाकटीनेही कधी थेंब घेतला नाही. डॉक्टर म्हणतात, नुसत्या चरबीने झालं. पटत नाही.

६ जून
माझी तपासणी. मशीनवाल्या बाईंनी बरगड्यांवर दांडकं टेकवून टकटक केलं. निकाल: चरबी भरपूर, कडकपणाही थोडा जास्त. मशीनची शेवटची पडताळणी कधी झाली, शिक्का कुठे, शून्य कोण बघतं, असं विचारलं. बाईंनी डॉक्टरांना बोलावलं.
डॉक्टरांनी कागदावर चित्र काढलं. लिव्हरच्या पेशींत चरबी साठते, पेशी फुगतात, काही मरतात. मग शरीराचे रखवालदार धावून येतात आणि त्यांच्याच धुमाकुळाने सूज येते. सूज वर्षानुवर्षं उतरली नाही की डागडुजीवाल्या पेशी धागे विणत सुटतात, जखमेच्या व्रणासारखे. मऊ लिव्हर निबर होत जातं. दुखत नाही, कळतही नाही. धाकटीचं हेच झालं.
दुखत नाही तर तक्रारदार कोण, असं मी विचारलं. तक्रारीशिवाय केस उभी राहत नाही. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.
सहा आठवड्यांत सहा किलो उतरवायचे. चरबी गेली तर पुढचं बघू म्हणाले. सहा किलो म्हणजे किरकोळ.

७ जून
उद्यापासून पाचला उठणे, तासभर चालणे. साखर, तळलेलं, बेकरी बंद.

८ जून
बूट चावले.

११ जून
चालत निघालो, वाटेत बेकरी. अडीचशे ग्रॅमचा म्हणून विकतात तो केक वजन करून घेतला. बावीस ग्रॅम कमी! पुरावा म्हणून जप्त केला. पण केक हा नाशवंत माल, किती दिवस ठेवणार? खाल्ला.

१४ जून
घरच्या काट्यावर एक किलो कमी. काट्यावर उभं राहताना एक हात बेसिनवर ठेवतो, फरशी निसरडी आहे म्हणून. सौ.ने बघितलं आणि हात काढा म्हणाली. या घरात माझ्यावर पाळत आहे.

१९ जून
सौ. आणि धाकटी यांचं वीस वर्षं विळ्या-भोपळ्याचं सख्य. आता रोज फोन! मी खोलीत आलो की 'ठेवते हं' म्हणून बंद. नणंद-भावजयीचं एवढं गूळपीठ? पाणी कुठेतरी मुरतंय.
शिवाय सौ. पाचला उठून बूट घालून बाहेर जाते. (मी जागा होतो. पडल्या पडल्या डोळे मिटून निरीक्षण चालू होतं.)

२४ जून
सौ.च्या कोपरापाशी कापसाचा बोळा चिकटवलेला. विचारलं तर ऑफिसात रक्तदान होतं म्हणाली. सांगताना नजर चुकवली. दुकानदार अशी नजर कधी चुकवतो ते मला कुणी शिकवायला नको.

२८ जून
पाठलाग केला. सौ. थेट हॉस्पिटलात! म्हणजे केकची चहाडी. डॉक्टर, मशीनवाली, सौ. सगळे सामील. मन इतकं खट्टू झालं की समोरच्या हॉटेलात बसून तळलेले बटाटे खाल्ले. अर्धीच प्लेट. नंतर उरलेले.

९ जुलै
घरच्या काट्यावर पाच किलो कमी. हात बेसिनवर, फरशी अजून निसरडीच. पँट मात्र बसेना. धुताना आटली असणार. हल्लीच्या कापडाचा भरवसा नाही.
धाकटीला भेटलो. डोळे पिवळे, पोट फुगलेलं, हात काड्यांसारखे. म्हणाली, दादा, फार ओढाताण करू नकोस रे. अजिबात नाही करत, म्हटलं. खरंच बोललो.

१८ जुलै
हॉस्पिटलच्या काट्यावर आधीपेक्षा दोनशे ग्रॅम जास्त. तिथे धरायला बेसिन नाही. तरी हट्टाने सुई घालून लिव्हरचा तुकडा तपासायला लावला. सोक्षमोक्ष होऊन जाऊ दे.

२२ जुलै
रिपोर्ट आला. चरबी तशीच, सूज आहे, व्रण धरायला सुरुवात झालेली. माझं लिव्हर चालणार नाही.
मी दुसरी लॅब मागितली, तिसरीही मागितली. डॉक्टर शांतपणे म्हणाले, तुम्ही बहिणीच्याच वाटेवर आहात, फक्त अजून मागे फिरता येईल एवढ्या अंतरावर. धाकटी समोर बसली होती आणि तिला द्यायला आता कुणी नव्हतं. मला भीती वाटली. काट्याची नाही, मशीनचीही नाही. तिच्या जिवाची.
मग सौ.ने पर्समधून फाइल काढली. रक्त, स्कॅन, सगळ्या तपासण्या झालेल्या. रक्तगट कुणालाही चालणारा. लिव्हर साफ. धाकटीला आधीपासून माहीत होतं. डॉक्टरांनाही. मशीनवालीलाही.

३१ जुलै, सकाळी ७.४०
दोघींना आत नेलं.
स्ट्रेचर येण्याआधी सौ.ला विचारलं, मला का सांगितलं नाहीस? ती म्हणाली, सांगितलं असतं तर तुम्ही आधी माझी पडताळणी करत बसला असतात, आणि तिच्याकडे तेवढे दिवस नव्हते. रागावून नाही म्हणाली. रागावली असती तर बरं झालं असतं. मान वर करवेना.
नर्सने विचारलं, दोघींचे नातेवाईक कोण? मीच, म्हटलं. दोन्ही फॉर्मवर सही केली. न वाचता. आयुष्यात पहिल्यांदा.
दोघींच्या चपला एका पिशवीत घालून बाकावर बसलोय. नऊ-दहा तास लागतील म्हणाले.