यादीतला अशरफ

३ जानेवारी २००५
कुवेतला सुखरूप पोचलो. खैतानमध्ये चौघांत एक खोली, खिडकीतून समोरच्यांची धुणी दिसतात. नोकरीचं ठिकाण, शुवैखचं गाड्यांचं शोरूम, मात्र लग्नघरासारखं झगमगतंय. कागदपत्रं बघणाऱ्या मंदूबने पासपोर्ट ठेवून घेतला; इथे असंच असतं म्हणे. नाझियाच्या बाळंतपणाला एप्रिलमध्ये दहा दिवसांची रजा कबूल झाली आहे. पहिलटकरीण आहे, मला जायलाच हवं.

२० जानेवारी
ग्राहकांच्या नोंदीचं नवं सॉफ्टवेअर सासूच्या वरताण आहे. रोज दहा नवे ग्राहक मागतं. दारात येतात तीन, त्यातले दोन कॅलेंडर मागायला. फोन, गाव, बायको, मुलं भरल्याशिवाय पान पुढे सरकत नाही. शेजारच्या टेबलावर गुहागरचा हरीश बसतो. तो म्हणाला, तौफीकभाई, सगळेच कागदी घोडे नाचवतात, तुम्हीही नाचवा.

२ फेब्रुवारी
आज एक घोडा नाचवला. नाव ठेवलं अशरफ. पुढचं काही सुचेना, म्हणून माझंच देऊन टाकलं: माझा मोबाईल, गाव हर्णै, बायको नाझिया, एप्रिलमध्ये बाळ. मनातल्या मनात हसलो.

१ मार्च
अशरफ पुसता येत नाही. त्याला फोन केला का, असं सॉफ्टवेअर दर आठवड्याला विचारतं. मी लिहितो, केला, विचार करतोय म्हणाला. आज त्याखाली आणखी एक ओळ होती, मी न लिहिलेली: मुलगी झाली तर नाव झोया ठेवणार.

हे नाव मी आणि नाझिया सोडून कुणालाच माहीत नाही. आपण लिहिलं नाही म्हणून हरीशने आईची शपथ घेतली. मला भीती वाटतेय.

४ एप्रिल
नाझियाला दवाखान्यात नेलंय. मॅनेजर म्हणतो, पाठपुरावा बाकी असलेल्या ग्राहकांची यादी कोरी झाल्याशिवाय रजा नाही. यादीत आता एकटा अशरफ उरलाय. नोंद बंद करायला कारणं तीनच: गाडी घेतली, वारला, देश सोडून गेला. पहिल्याला बिल जोडावं लागतं. दुसऱ्याला हात धजेना. तिसरं दाबलं. यादी कोरी.

५ एप्रिल
पासपोर्ट मागायला गेलो. मंदूब म्हणतो, तौफीक रात्रीच्या विमानाने गेला. पासपोर्ट सही करून नेला. सही दाखवली. माझीच. मीच तौफीक, हे त्याला किती वेळा —

६ एप्रिल
हरीशने बसायला खुर्ची दिली. ओळखलं नाही. मोबाईल नंबर विचारला, टाइप केला, मग हसून अशरफभाई म्हणाला. चहा मागवला. मी उठून पळालो. कुठे जाऊ? पासपोर्ट नाही, नाव नाही —

७ एप्रिल
दवाखान्यात सासूच्या मोबाईलवर फोन लागला. नाझियाने घेतला. पहाटे मुलगी झाली. मी रडायला लागलो. तिने विचारलं, कोण बोलतंय? मी नाव सांगितलं. ती घाबरली. म्हणाली, आमचे हे परवाच आलेत, इथेच बसलेत, बाळाच्या कानात अजान देतायत.

ऐकू आली. आवाज माझा.

ओरडून सांगतोय तिला — तो मी नाही — तो मीच लिहिलेला अशरफ आहे — नाझिया, फोन ठेवू नको, झोयाला त्याच्याकडून घे, आधी घे, त्याला —